कर्णधाराच्या खिशातले सुट्टे

वारज्यात महामार्गाला लागून चांदणी चौक, बावधन, बाणेर, वाकड अशी एकेक खूण मागे टाकली की पंचवीसएक किलोमीटरवर गहुंजेचे मैदान येते. आंतरराष्ट्रीय सामना असला की दुपारपासून या रस्त्यावर निळ्या टी-शर्टांची रांग लागते. रांगेतल्या बहुतेकांच्या बोलण्यात फलंदाजच असतात. कोणते षटक कोण टाकणार हा प्रश्न सहसा सामना हातातून निसटू लागल्यावर सुचतो. १९ ऑक्टोबर २०२३ ला विश्वचषकाच्या भारत-बांगलादेश सामन्यात तो नवव्या षटकातच सगळ्यांना पडला. हार्दिक पंड्याचे पहिलेच षटक, त्यातला तिसरा चेंडू. लिटन दासने समोर मारलेला फटका पायाने अडवायला हार्दिक गेला आणि घोटा मुरगळून खाली बसला. षटकाचे तीन चेंडू बाकी होते. ते विराट कोहलीने टाकले आणि दोन धावा दिल्या. गर्दीने त्या तीन चेंडूंना एखाद्या शतकासारखी दाद दिली. पुढे कोहलीने खरोखरच शतक केले, भारत सात गडी राखून जिंकला आणि त्या तीन चेंडूंची गंमत तेवढी लक्षात राहिली.

त्या दिवसाचा गोलंदाजीचा तक्ता मात्र पुन्हा उघडून पाहण्यासारखा आहे. बुमराह दहा षटके, सिराज दहा, कुलदीप दहा, जडेजा दहा, शार्दूल ठाकूर नऊ. बेरीज एकोणपन्नास. उरलेले एक षटक हार्दिक आणि कोहलीत अर्धे अर्धे. म्हणजे भरवशाचा एक गोलंदाज तीन चेंडू टाकून कायमचा मैदानाबाहेर गेला, तरी कर्णधार रोहित शर्माला उसनवारी करावी लागली ती फक्त तीन चेंडूंची. हे शक्य झाले, कारण हार्दिक त्या संघात पाचवा नव्हता, सहावा होता. तो पाचवा असता तर साडेनऊ षटकांचे भगदाड पडले असते आणि ते कोहलीच्या मध्यमगतीने बुजले नसते. सहाव्या गोलंदाजाची किंमत त्याने टाकलेल्या षटकांत मोजायची नसते, हे या तक्त्याइतके स्वच्छ क्वचितच दिसते. हार्दिकने त्या दिवशी जवळजवळ काहीच टाकले नाही. तो संघात होता म्हणून बाकीचे पाच आपापला कोटा पूर्ण करायला हजर होते, एवढेच.

मर्यादित षटकांच्या क्रिकेटची गोम एका अपूर्णांकात आहे. १९७४ साली अजित वाडेकरांच्या भारतीय संघाने लीड्सला आपला पहिला एकदिवसीय सामना खेळला तेव्हा डाव ५५ षटकांचा होता आणि एका गोलंदाजाला अकरा षटके टाकता येत. १९८३ च्या विश्वचषकात ६० षटके होती, मर्यादा बाराची. आज ५० ला दहा, वीस षटकांच्या सामन्यात चार. खेळ आखूड होत गेला तरी प्रमाण हललेले नाही. एकाला डावाचा पाचवा हिस्सा, त्याहून एक चेंडू जास्त नाही. म्हणून किमान पाच गोलंदाज लागतात, आणि पाचच असले तर हिशेब तंतोतंत जुळतो. तंतोतंत जुळणे हीच यातली अडचण आहे. पाच गोलंदाजांची पन्नास षटके आणि टाकायची पन्नास, म्हणजे कर्णधाराच्या हातात शिल्लक शून्य. एखाद्याची धुलाई होत असेल तर त्याला काढून दुसऱ्याला आणता येते, पण त्याची उरलेली षटके रद्द होत नाहीत, पुढे ढकलली जातात. आज चुकवलेली उधारी चाळिसाव्या षटकानंतर, फलंदाज मोकळे सुटलेले असताना, व्याजासकट फेडावी लागते. सहावा आला की पन्नासाच्या कामाला साठ षटके हाताशी येतात. वीस षटकांच्या सामन्यात विसाला चोवीस. खिशात नुसती पाचशेची नोट असणे आणि सोबत थोडे सुट्टे असणे, यांत जो फरक रिक्षातून उतरताना कळतो तोच हा.

माझे म्हणणे असे की कर्णधाराची गोलंदाजीतली हुशारी आपण चुकीच्या जागी शोधतो. 'अमक्या क्षणी तमक्याला चेंडू दिला आणि सामना फिरला' अशा गोष्टी आपल्याला आवडतात. १९९३ च्या हिरो कपच्या उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या. अझरुद्दीनने त्या डावात तोवर एकही चेंडू न टाकलेल्या सचिन तेंडुलकरला षटक दिले, तीनच धावा निघाल्या आणि भारत दोन धावांनी जिंकला. २००७ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हरभजनचे एक षटक शिल्लक असताना धोनीने जोगिंदर शर्माला बोलावले. हे दोन्ही निर्णय आपण धाडस म्हणून सांगतो. पण जोगिंदरला पाकिस्तानच्या मिसबाहने मारलेला षटकार पाहून त्याच क्षणी लाखो लोकांनी कपाळावर हात मारला होता, हेही खरे आहे. मिसबाहचा पुढचा उचललेला फटका श्रीशांतच्या हातात गेला नसता तर तोच निर्णय आज वेडेपणा म्हणून सांगितला गेला असता. निकालावरून निर्णयाची परीक्षा करणे ही आपली जुनी खोड. बघायचे ते हे की त्या क्षणी कर्णधारापुढे किती दारे उघडी होती. हरभजनला सतराव्या षटकात मिसबाहनेच तीन षटकार मारले होते. त्याच्याखेरीज दुसरा कोणी शिल्लक होता म्हणून तर धोनी निवड करू शकला. ईडनवर अझरुद्दीनपुढेही एकापेक्षा जास्त नावे होती. धाडस दिसते ते शेवटच्या षटकात, पण त्याची सोय त्याआधी दोन तास, कधी संघ निवडतानाच झालेली असते.

गहुंजेनेच याचा दुसरा पुरावा दिला आहे, आणि तो इतका नेटका आहे की कोणी प्रयोग म्हणून मुद्दाम मांडावा. मार्च २०२१ मध्ये भारत आणि इंग्लंड तीन एकदिवसीय सामने पाठोपाठ याच मैदानावर खेळले. करोनामुळे स्टँड रिकामे होते. मैदान तेच, प्रतिस्पर्धी तेच, आणि तिन्ही वेळा भारताने आधी फलंदाजी करून तीनशेच्या पुढे मजल मारली. पहिल्या सामन्यात कर्णधार कोहलीने पाचच गोलंदाज वापरले. हार्दिक संघात होता, पण त्याच्या शरीरावरचा भार कमी ठेवायचा म्हणून त्याला चेंडू दिला नाही. इंग्लंडने बिनबाद १३५ केल्या, मग प्रसिद्ध कृष्णा आणि शार्दूल यांनी डाव कापून काढला आणि इंग्लंड २५१ वर आटोपले. पाच पुरे झाले. दुसऱ्या सामन्यातही पाचच. या वेळी बेअरस्टो आणि स्टोक्स यांनी फिरकीला लक्ष्य केले. कुलदीपच्या दहा षटकांत ८४, कृणाल पंड्याच्या सहा षटकांत ७२ धावा निघाल्या, इंग्लंडने वीस षटकार मारले आणि ३३७ धावा ४३.३ षटकांत पूर्ण केल्या. कृणालला काढावे तर कुलदीप, कुलदीपला काढावे तर कृणाल, आणि वेगवान गोलंदाजांची षटके आत्ताच संपवावीत तर शेवटाला काय, अशा त्रांगड्यात कोहली सापडला. तिसऱ्या सामन्यात कुलदीपच्या जागी नटराजन आला आणि हार्दिकच्या हातात चेंडू आला. हार्दिकने नऊ षटकांत ४८ धावा दिल्या, एकही बळी घेतला नाही. त्यामुळे कृणालला चार षटकांवर आणि महाग पडत असलेल्या प्रसिद्धला सातवर थांबवता आले. सॅम करनने नाबाद ९५ करून सामना जवळजवळ ओढून नेला, शेवटचे षटक नटराजनने टाकले आणि भारत सात धावांनी जिंकला. शून्य बळींची ती नऊ षटके कोणाच्या स्मरणात नाहीत. माझ्या मते त्या सामन्याचा निकाल त्यांनी ठरवला.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. पाच गोलंदाज चांगले असले तर सहावा हवा कशाला? त्याचा पुरावाही गहुंजेपासूनच सुरू होतो. हार्दिक जखमी झाल्यावर भारताने संघाचा तोल बदलला. शार्दूलला वगळून मोहम्मद शमीला घेतले, हार्दिकच्या जागी सूर्यकुमार यादव हा निव्वळ फलंदाज आला आणि मुख्य गोलंदाज बरोबर पाच उरले. शमीने पहिल्याच सामन्यात धर्मशाळेला न्यूझीलंडचे पाच बळी घेतले आणि सात सामन्यांत २४ बळी घेऊन स्पर्धेत सर्वांच्या पुढे राहिला. अंतिम सामन्यापर्यंत भारत एकही सामना हरला नाही. यापेक्षा भक्कम आक्षेप असू शकत नाही आणि तो मी झटकून टाकणार नाही. पाच जण त्या तोडीचे असतील आणि पाचही जण त्या दिवशी ठीक टाकत असतील, तर सहावा खरोखर लागत नाही. तरी एक गोष्ट सांगायला हवी. स्वतः संघ व्यवस्थापनाला ही व्यवस्था पूर्ण पटलेली नव्हती. साखळीतल्या शेवटच्या सामन्यात, बेंगळुरूला नेदरलँड्सविरुद्ध, रोहितने नऊ जणांना गोलंदाजी दिली. कोहलीने एक बळी घेतला, खुद्द रोहितने एक. लोकांनी तो दिवाळीचा फराळ म्हणून पाहिला, सामना होताही दिवाळीच्या दिवशी. पण सुट्टे खिशात नाहीत हे जाणवल्यावर घरातले डबे चाचपून पाहावेत, तसे ते होते. आठवड्याने अहमदाबादच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाची ३ बाद ४७ अशी अवस्था झाली आणि त्यानंतर ट्रॅव्हिस हेड आणि लबुशेन यांनी १९२ धावांची भागीदारी केली. ४३ षटके त्याच पाच जणांनी टाकली. सहावा असता तर जिंकलो असतो असा दावा करणे लबाडीचे होईल. धावा कमी होत्या, रात्री चेंडू बॅटवर सहज येत होता आणि हेड त्या दिवशी कोणालाच आवरला नसता. एवढेच म्हणता येते की भागीदारी पन्नासची झाली, शंभराची झाली, दीडशेची झाली, आणि दर वेळी रोहितपुढे पर्याय म्हणून होती तीच पाच नावे वेगळ्या क्रमाने लावणे.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. सहावा गोलंदाज फुकट मिळत नाही. संघात अकराच असतात, गोलंदाज वाढवला तर फलंदाज घटतो. याचे उदाहरण २०२५ च्या महिला विश्वचषकात आपल्या डोळ्यांपुढे घडले. विशाखापट्टणमला भारत आधी दक्षिण आफ्रिकेकडून हरला, मग ऑस्ट्रेलियाने ३३१ धावांचे लक्ष्य गाठले, आणि पाच गोलंदाजांनी भागत नाही अशी टीका चहूकडून झाली. इंदूरला इंग्लंडविरुद्ध उपाय केला गेला. जेमिमा रॉड्रिग्जला वगळून रेणुका सिंगला घेतले, सहावी गोलंदाज मिळाली. इंग्लंडने २८८ केल्या आणि भारत चार धावांनी हरला, म्हणजे जी कमी पडली ती फलंदाजच. पुढच्याच सामन्यात जेमिमा परतली आणि उपांत्य सामन्यात नवी मुंबईला तिने नाबाद १२७ करून ऑस्ट्रेलियाचे ३३९ धावांचे लक्ष्य पार करून दिले. मग सहाव्या गोलंदाजाचा आग्रह चुकीचाच होता? नाही, तो मिळवण्याची वाट चुकीची होती. कारण तीनच दिवसांनी, २ नोव्हेंबरला, त्याच मैदानावर अंतिम सामन्यात हरमनप्रीत कौरने जास्तीची गोलंदाज शोधली ती सलामीच्या फलंदाजात. शेफाली वर्मा जखमी प्रतिका रावलच्या जागी ऐनवेळी संघात आलेली, ८७ धावा करून थकलेली, आणि एकदिवसीय सामन्यांत फारच थोडी षटके टाकलेली. दक्षिण आफ्रिका २ बाद ११४, कर्णधार वोल्वार्ट जम बसलेली, सुने लूस तिला साथ देत होती. शेफालीने पहिल्याच षटकात लूसचा झेल स्वतःच्या चेंडूवर घेतला आणि दुसऱ्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर मारिझान कॅप यष्टीमागे झेल देऊन परतली. आतून वाटले म्हणून चेंडू दिला, असे हरमनप्रीतने नंतर सांगितले. आतून वाटायलाही समोर कोणी हात फिरवणारी असावी लागते.

तेव्हा मुद्दा नेमका असा होतो: सहावा गोलंदाज संघात भरती करून मिळवण्यात फारसा फायदा नाही, तो पहिल्या सहा फलंदाजांतून निघायला हवा. हे काही नवे तत्त्वज्ञान नव्हे, आपलीच मोडलेली परंपरा आहे. १९८३ च्या अंतिम सामन्यात मोहिंदर अमरनाथने सात षटकांत १२ धावा देऊन तीन बळी घेतले, तो तिसऱ्या क्रमांकाचा फलंदाज होता. सचिनच्या नावावर १५४ एकदिवसीय बळी आहेत, सौरव गांगुलीच्या नावावर १००, युवराज सिंगच्या नावावर शंभराहून जास्त, सेहवागही शंभराच्या उंबरठ्यावर थांबला. २०११ चा विश्वचषक आपण जिंकला त्यात युवराजने ३६२ धावा केल्या आणि १५ बळी घेतले. डिसेंबर २०१२ मध्ये गहुंजेवर पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, इंग्लंडविरुद्ध वीस षटकांचा, त्यातही १९ धावांत तीन बळी घेणारा युवराजच होता. त्या पिढीच्या कर्णधाराला सहावा शोधावा लागत नव्हता, सातवा आणि आठवाही स्लिपमध्ये नाहीतर पॉइंटला उभा असे. पुण्यापुरते बोलायचे तर या परंपरेचा शेवटचा खरा वारस आपल्याच गावचा निघाला. केदार जाधव महाराष्ट्राकडून रणजी खेळला तो फलंदाज म्हणून. त्याच्या गोलंदाजीकडे कोणी गांभीर्याने पाहिले नव्हते. ऑक्टोबर २०१६ मध्ये धर्मशाळेला धोनीने त्याला चेंडू दिला आणि त्याने तीन षटकांत सहा धावा देऊन लागोपाठच्या चेंडूंवर न्यूझीलंडच्या नीशम आणि सँटनर यांना बाद केले. हात जवळजवळ जमिनीला समांतर नेऊन टाकलेला तो चेंडू उसळायचाच नाही. फलंदाजाला बॅटखाली घेऊन मारता यायचा नाही आणि मागे जाऊन खेळायलाही उंची मिळायची नाही.

केदारचा सर्वांत बोलका दिवस जून २०१७ चा, चॅम्पियन्स ट्रॉफीचा उपांत्य सामना, बर्मिंगहॅम. बांगलादेशचे तमीम आणि मुशफिकुर यांची भागीदारी शंभर ओलांडून गेली होती आणि पाचवा गोलंदाज हार्दिक चार षटकांत ३४ धावा देऊन बसला होता. कोहलीने केदारला आणले. त्याने सहा षटकांत २२ धावा दिल्या आणि तमीम, मुशफिकुर दोघांनाही घालवले. तीनशेच्या पुढे जाईल असे वाटणारा डाव २६४ वर अडकला आणि भारताने सामना नऊ गडी राखून जिंकला. आता पुन्हा तक्ता पाहा. भुवनेश्वर, बुमराह, अश्विन, जडेजा यांची प्रत्येकी दहा, हार्दिकची चार आणि केदारची सहा. पाचव्या गोलंदाजाची दहा षटके दोघांत वाटली गेली आणि जो महाग पडत होता त्याच्या वाट्याची सहा कायमची रद्द झाली. उधारी पुढे ढकलली गेली नाही, माफच झाली.

इथे जाणता वाचक म्हणेल की हे सगळे ठीक आहे, पण काळ बदलला. कामचलाऊ गोलंदाजाला आता कोण सोडतो? या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्याची कारणे नियमांत आहेत. २०११ पासून एकदिवसीय सामन्यात दोन्ही टोकांनी वेगवेगळे नवे चेंडू आले, त्यामुळे मधल्या षटकांतही चेंडू कडक राहू लागला. त्याआधी बरीच षटके मार खाऊन मऊ पडलेला चेंडू सेहवाग किंवा सचिन टाकत तेव्हा तो सीमेपार धाडायला खांदा लागायचा. २०१२ च्या अखेरीस मधल्या षटकांत वर्तुळाबाहेर पाचाऐवजी चारच क्षेत्ररक्षक ठेवण्याचा नियम झाला. कामचलाऊ फिरकी गोलंदाजाचे सारे गणित त्या पाचव्या माणसावर चालायचे. धोनीने या नियमाबद्दलची नाराजी अनेकदा बोलून दाखवली. ऑक्टोबर २०१३ मध्ये गहुंजेवरच ऑस्ट्रेलियाने ३०४ केल्या आणि त्या मालिकेत तीनशेचा आकडा दोन्ही बाजूंना किरकोळ वाटू लागला, ते या नव्या नियमांचेच फळ. तरीही आक्षेपाला माझे उत्तर आहे, आणि ते तुलनेचे आहे. कामचलाऊ गोलंदाजाची तुलना बुमराहशी करायची नसते. त्याची तुलना त्या दिवशी सर्वांत वाईट टाकणाऱ्या मुख्य गोलंदाजाशी करायची. कृणालने सहा षटकांत ७२ दिल्या त्या दिवशी तीन षटकांत २१ देणाऱ्या कोणत्याही फलंदाजाला कर्णधाराने मिठी मारली असती. शिवाय मुख्य गोलंदाजाला दहा षटके द्यावीच लागतात, कामचलाऊला एका षटकानंतर 'बास' म्हणता येते. आता वाराही थोडा फिरला आहे. जुलै २०२५ पासून चौतीस षटकांनंतर दोनपैकी एकच चेंडू वापरायचा नियम आला, म्हणजे शेवटच्या सोळा षटकांत चेंडू पुन्हा जुना होऊ लागला.

विश्लेषक लॅपटॉप घेऊन बसतात, डावखुऱ्याला ऑफस्पिन, उजव्याला लेगस्पिन हे आधीच ठरलेले असते, कर्णधाराचे काम फक्त अंमलबजावणीचे उरले, असेही म्हटले जाते. असेल. पण ज्याच्याकडे सहा प्रकारची गोलंदाजी आहे त्याच्याच उपयोगाला ते तक्ते येतात. पाच गोलंदाजांच्या कर्णधाराला लॅपटॉप काहीही सांगो, षटके भरण्यासाठी नको त्या फलंदाजापुढे नको तो गोलंदाज आणावाच लागतो.

या सगळ्याचे सर्वांत सुंदर प्रात्यक्षिक २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये झाले. टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना, क्लासेनने अक्षर पटेलच्या षटकात २४ धावा कुटल्या आणि दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा उरल्या. रूढ शहाणपण सांगते की सर्वोत्तम गोलंदाजाचे शेवटचे षटक एकोणिसाव्यासाठी राखून ठेवावे. रोहितने बुमराहला सोळावे आणि अठरावे दिले, त्यांत मिळून सहा धावा गेल्या. मधले सतरावे हार्दिकचे, पहिल्याच चेंडूवर क्लासेन बाद. एकोणिसावे अर्शदीपचे, चार धावा. शेवटच्या षटकात सोळा हव्या होत्या आणि चेंडू हार्दिकच्या हातात. सूर्यकुमारचा तो सीमारेषेवरचा झेल सगळ्यांना ठाऊक आहे, भारत सात धावांनी जिंकला. विसावे षटक जिंकायचे असेल तर आधी सामना विसाव्यापर्यंत पोचवावा लागतो, हे रोहितने ओळखले. पण हे ओळखून त्याला वागता आले याचे कारण तक्त्यात आहे. जडेजाने त्या सामन्यात एकच षटक टाकले, बारा धावा दिल्या आणि त्याला पुन्हा बोलावले नाही. हार्दिकने तीन टाकली. दोघांनी मिळून पाचव्या गोलंदाजाची चार षटके भरली, म्हणून बिकट वेळी कोणाच्या वाट्याचे काय उरले आहे याची सक्ती रोहितवर नव्हती. महिन्याभराने श्रीलंकेत पल्लेकेलेला सूर्यकुमारने याच्या पुढची मजल गाठली. लंकेला बारा चेंडूंत नऊ हव्या असताना एकोणिसावे षटक रिंकू सिंगला दिले, विसावे स्वतः टाकले. दोघांनी दोन-दोन बळी घेतले, सामना बरोबरीत सुटला आणि सुपर ओव्हरमध्ये भारत जिंकला. हे मी पुरावा म्हणून फार ताणणार नाही. मालिका आधीच जिंकलेली होती आणि गमावण्यासारखे काही नव्हते.

जास्तीच्या गोलंदाजाची बाजारातली किंमत पाहायची असेल तर पुन्हा गहुंजेलाच यावे. ३१ जानेवारी २०२५ ला इंग्लंडविरुद्धच्या टी-ट्वेंटी सामन्यात शिवम दुबेच्या हेल्मेटवर शेवटच्या षटकात चेंडू आदळला. डोक्याला मार लागल्यास बदली खेळाडू घेता येतो, अट एवढीच की तो साधारण त्याच प्रकारचा असावा. फलंदाजी करून झालेल्या दुबेच्या जागी आला हर्षित राणा, अस्सल वेगवान गोलंदाज. त्याने ३३ धावांत तीन बळी घेतले आणि भारत पंधरा धावांनी जिंकला. जोस बटलरने हा बदल सारख्याला सारखा नव्हता, असे उघड म्हटले, आणि त्याचा राग मला पूर्ण समजतो. सामनाधिकाऱ्यांनी परवानगी दिली होती, म्हणजे नियम मोडला गेला नाही. तरी अर्धा सामना फलंदाज आणि अर्धा सामना पूर्ण गोलंदाज अशी बारावी जागा भारताला मिळाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. आयपीएलने २०२३ पासून हेच 'इम्पॅक्ट प्लेअर' या नावाने रीतसर देऊ केले आहे. त्यामुळे फलंदाजाच्या हातात चेंडू देण्याची गरजच संपली. खुद्द रोहितने २०२४ मध्ये या नियमावर टीका करताना दुबे आणि वॉशिंग्टन सुंदर यांना गोलंदाजी मिळत नसल्याची तक्रार केली होती. ती रास्त आहे. अंतिम सामन्यात कर्णधाराला जो सहावा हवा असतो, तो तयार व्हायची जागा आपण एप्रिल-मेमध्ये दोन महिने बंद ठेवतो.

सवयीचा भाग त्याहून खालच्या पातळीवर आहे. पूर्वी नेटमध्ये गोलंदाज कमी पडत म्हणून फलंदाजांनाच एकमेकांना टाकावे लागे आणि त्यातून काही जण बऱ्यापैकी गोलंदाज होत. आता थ्रोडाउनवाले आले, मशीन आल्या, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या किटबॅगवर 'बॅट्समन' असा शिक्का बसला की त्याच्या हातात चेंडू फक्त क्षेत्ररक्षणापुरता येतो. वारजे, कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रस्ता या पट्ट्यात शनिवार-रविवारी सकाळी पांढऱ्या कपड्यांतली जी शेकडो मुले दिसतात, त्यांच्या पालकांना आणि प्रशिक्षकांना म्हणूनच एक विनंती: सलामीला जाणाऱ्या पोरालाही आठवड्यातून अर्धा तास एका स्टंपवर गोलंदाजी करू द्या, आणि सराव सामन्यात त्याला दोन षटके द्या, मग त्यात वीस धावा गेल्या तरी चालतील.